बिनचहाचे आठ महिने

आयुष्यात मी एकदाच चहा सोडला, तोही पुरते आठ महिने. कारण विचाराल तर पित्त नाही, व्रत नाही, कुणी वैद्याने सांगितलं असंही नाही. पुढच्या एका दातात भरलेलं पांढरं सिमेंट पिवळं पडू नये, एवढंच. सांगताना आज माझं मलाच हसू येतं, पण त्या आठ महिन्यांत मी काय घालवलं ते आठवलं की हसू अर्ध्यावरच थांबतं.

साल बहात्तर. मी पंचवीस वर्षांची होते आणि राहात्यापासून तीन-चार मैलांवरच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळा चार वर्गांची, शिक्षक दोन. हेडमास्तर राहात्याहून सायकलवर येत आणि शेवटची घंटा झाली की विजारीच्या पायांना चिमटे लावून परत निघत. मी गावातच राहत असे. शाळेला लागून एका बागाईतदाराचं घर होतं. त्यांचा मळा पाटाच्या पाण्यावरचा, उसाचा, दावणीला चार म्हशी. गावात सगळे त्यांना मळेवाले म्हणत. त्यांच्या घराच्या कडेची एक खोली मला भाड्याने मिळाली होती. माझं घर नगरजवळ केडगावला. आई नव्हती. वडील, थोरला भाऊ आणि वहिनी. महिन्यातून एकदा मी एसटीने जायची आणि सोमवारच्या शाळेला परत यायची.

एकटेपणाचं म्हणाल तर तो पहिल्याच महिन्यात अंगवळणी पडेल असं मला वाटलं होतं. तो पडला नाही. पोरं असेपर्यंत गलका असे. पाच वाजता शाळेला कुलूप लावलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नाही. गावातल्या बायका मला पाहून उठून उभ्या राहायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, "बाई, बरं हाय ना?" म्हणायच्या आणि मी पुढे गेल्यावर पुन्हा खाली बसून गप्पा सुरू करायच्या. मला त्या गप्पांत बसायचं होतं. कसं बसतात ते मला येत नव्हतं, आणि त्याचं निम्मं कारण माझ्या तोंडातच होतं.

वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डाव्या दाताला कडेने कीड लागली होती. वाटाण्याच्या डोळ्याएवढा काळा खड्डा, पण नेमका समोर. कॉलेजच्या वयापासून मी तो झाकत आले होते. बोलताना हात तोंडाशी, हसू आलं की मान खाली. शिकवतानासुद्धा पदराचं टोक ओठांवर. केडगावला मला बघायला आलेल्या एका स्थळाने निरोप पाठवला की मुलगी शिकलेली आहे पण शिष्ट दिसते, एकदाही हसली नाही. वहिनीने तो निरोप मला चवीचवीने सांगितला होता. गावातही माझी कीर्ती तीच झाली असावी.

एकच माणूस माझ्या खोलीत यायचं, ते म्हणजे अक्का. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, उंच, कामाने रापलेली. गावाच्या पूर्वेला ओढा होता आणि ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती. तिथे तिचं घर. त्या लोकांनी धर्म बदलून पंधरा-सोळा वर्षं झाली होती, गावाने मात्र नजर बदलली नव्हती. अक्काचा नवरा पुण्याला एका कारखान्यात होता आणि महिन्याला एक पत्र पाठवायचा. मुलीला पहिलीत घालायला ती शाळेत आली तेव्हा दाखल्याच्या कागदावर तिने अंगठा उठवला, आणि मग बाहेर जाऊन बोटाची शाई भिंतीवर घासघासून काढली. मी ते खिडकीतून पाहत होते. चार दिवसांनी ती एकटीच आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, मला वाचाया शिकवता का? मालकाचं पत्र दर खेपेला दुसऱ्याकडनं वाचून घ्यावं लागतं. त्येनं काय लिवलंय ते अख्ख्या गावाला म्हाईत आन् मला सगळ्यात शेवटी."

त्या दिवसापासून ती खुरपणीवरून सुटली की यायची. पहिले काही दिवस उंबऱ्याबाहेर बसली. मी आत ये म्हटलं की हसायची आणि तिथेच बसायची. मग एकदा वाऱ्याने पाटी उडाली, ती उचलायला आत आली आणि आतच राहिली. मी स्टोव्ह पेटवून चहा करायची. तो आम्ही दोघी प्यायचो. मळेवालीणबाईंनी एकदा नाक मुरडलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. आपण किती पुढारलेल्या, असं मला तेव्हा फार वाटायचं. पण खरं सांगायचं तर उपकार ती माझ्यावर करत होती. तो एक तास सोडला तर माझ्या दिवसात माणूसच नव्हतं.

अक्कासमोरही मी हात तोंडाशी धरूनच बोलायची. तिने कधी विचारलं नाही.

त्या वर्षी होळीच्या आधी केडगावला गेले असताना मनाचा हिय्या केला आणि नगरला माळीवाड्याच्या बाजूला एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दुकानावरचा माडीचा दवाखाना. डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. दाढेत चांदी भरतात, पण पुढच्या दाताला चांदी शोभत नाही, म्हणून तिथे पांढरं सिमेंट भरतात, असं त्यांनी सांगितलं. मग एका पट्टीवर ओळीने बसवलेले नकली दात काढले. दुधासारख्या पांढऱ्यापासून ज्वारीच्या पिठाच्या रंगापर्यंत सात-आठ छटा. ते खिडकीच्या उजेडात एकेक छटा माझ्या दाताशी लावून पाहू लागले. मी सगळ्यात पांढऱ्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, हा भरला तर तुमचा दात तुमच्या आधी दारातून आत येईल. त्यांनी तिसरा निवडला. मला तो जरा मळकट वाटला, पण बोलायची हिंमत झाली नाही.

पायाने चालवायच्या यंत्राने त्यांनी कीड कोरून काढली. ते दुखणं मी सांगत बसत नाही. मग माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलेली एक जाड काच त्यांनी काढली, कोरडी पुसली आणि तिच्यावर बाटलीतली पांढरी पूड आणि दुसऱ्या बाटलीतले थेंब घोटायला लागले. काच गार नसली तर सिमेंट फार घाईने आळतं आणि कच्चं राहतं, म्हणून ही तऱ्हा. तो लगदा खड्ड्यात बसवून त्यांनी दोन दातांच्या फटीतून एक पातळ, आरपार दिसणारी पट्टी ओढून घेतली, दातावर ताणून धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. तेवढा वेळ ते हलले नाहीत की मला हलू दिलं नाही. शेवटी पट्टी सोडवून त्यांनी दातावर व्हॅसलिनचं बोट फिरवलं.

सूचना मात्र त्यांनी दोनदा सांगितल्या. सिमेंट वरून घट्ट वाटलं तरी आतून अजून आळतंय. संध्याकाळपर्यंत ओठ मिटून ठेवायचे. व्हॅसलिन पुसायचं नाही. दाताला वारा लागू द्यायचा नाही, तो ओलाच राहिला पाहिजे. आणि उद्यापर्यंत चहा-कॉफी नको. मी विचारलं, "आणि उद्यानंतर?" ते हात धुता धुता म्हणाले, "चहा तसा डाग धरतोच. जितका कमी तितका बरा."

एवढ्या सगळ्या सांगण्यातलं हे शेवटचं वाक्य तेवढं मी पदराला गाठ मारून घेतलं.

दुपारच्या एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. फाल्गुनातली झळ आत येत होती. पर्समध्ये एक छोटा गोल आरसा होता. नगरची वेस मागे पडायच्या आत तो बाहेर आला. ओठांवर व्हॅसलिन चमकत होतं, त्यावर रस्त्याची धूळ बसायला लागली होती. मी ते रुमालाने पुसलं. दातावरचंही पुसलं, कारण त्याखाली दात कसा दिसतो ते मला बघायचं होतं. दिसला! काळा खड्डा नव्हता. राहुरी येईपर्यंत मी ओठ मिटलेच नाहीत. आरशात बघून हसायचं, आरसा ठेवायचा, पुन्हा काढायचा. कोल्हारला एक म्हातारी शिर्डीला जायला चढली आणि माझ्यासमोर बसली. मी तिच्याकडे बघून हात न धरता हसले. ती पण हसली आणि तिने मला विचारलं, "माहेराहून निघालीस का गं पोरी?" मी हो म्हटलं. परक्या माणसाने आपणहून माझ्याशी बोलणं सुरू केल्याची ती मला आठवणारी पहिली वेळ. राहात्याला उतरताना मला रडू येत होतं. कुणाला सांगावंसं वाटलं नाही. हे सुख एकटीने चघळायचं होतं.

आणि तिथेच मी ठरवून टाकलं की हा दात सिमेंटचा आहे हे कुणाला म्हणजे कुणाला कळू द्यायचं नाही. लोकांनी तो माझाच समजावा. त्यासाठी तो पांढरा राहायला हवा, आणि त्यासाठी चहा बंद.

चहा बंद करणं शहरात सोपं असेल. गावात चहा हे नुसतं पेय नसतं. कोण कोणाच्या घरी घेतो, ओट्यावर बसून की आत बसून, कोणत्या कपातून, याच्यावर सगळ्यांची बारीक नजर असते. राहात्याच्या वाटेवरच्या एका हॉटेलात ओढ्यापलीकडच्या माणसांसाठी दोन कप वेगळे उपडे घातलेले मी स्वतः पाहिले होते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात तेव्हा दाताशिवाय काही शिरत नव्हतं. मळेवालीणबाईंनी चहा विचारला, मी म्हटलं सोडलाय. त्यांना वाईट वाटायचं कारणच नव्हतं, त्यांनी लगेच पेलाभर दूध पुढे केलं. दूध पांढरं, दाताला काय करणार? मी रोज घ्यायला लागले.

खोलीत अक्का आली की मी तिच्यापुरता चहा करायची. तिने एकदा विचारलं, तुमी का न्हाई? मी म्हटलं, नको वाटतो हल्ली. ती माझ्याकडे पाहत राहिली, पण त्या आठवड्यात मी इतकी हसत-बोलत होते की तिला ते खटकलं नसावं. दाताकडे तिचं लक्ष गेलं का? गेलं असणार. पण न विचारणं हा तिचा स्वभाव होता.

त्याच आठवड्यात नवऱ्याचं पत्र आलं आणि अक्काने ते स्वतः वाचलं. माझ्या खोलीत, बोट फिरवत, घाम पुशीत. नवऱ्याने मुद्दाम सोपं, सुटं सुटं लिहिलं होतं. अवघड अक्षर आलं की ती अडायची आणि मी सांगायची. जोडाक्षरं अजून आम्ही घेतली नव्हती. पण बाकी सगळं तिने एकटीने ओढलं. पत्र संपल्यावर तिने ते छातीशी धरलं. मग म्हणाली, "बाई, उद्या माज्या घरी चहाला या. एवढं माजं ऐका."

वर्षभरात तिने मला कधी घरी बोलावलं नव्हतं. ते तिच्या मनात नव्हतं असं नाही. बोलावल्यावर मी काय करीन याची तिला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ओढा ओलांडून गेले. अंगण सारवलेलं, घोंगडी अंथरलेली. तिने कुठून तरी निळ्या फुलांची कपबशी आणली होती. वस्तीतल्या सात-आठ बायका दाराशी आणि अंगणात उभ्या होत्या. बाई येणार म्हणून त्या बघायला आल्या होत्या. बाई येऊन काय करणार, तेही बघायला आल्या असाव्यात. अक्काने कप पुढे केला. चहा गुळाचा, काळाभोर, दुधाचे जेमतेम दोन चमचे असतील.

मी त्या कपाकडे पाहिलं आणि मला दात दिसला. आज लाज वाटते सांगायला, पण हे असंच झालं. मला अक्का दिसली नाही, बायका दिसल्या नाहीत. मला तो काळा रंग सिमेंटमध्ये मुरताना दिसला.

मी म्हटलं, "अक्का, मी चहा सोडलाय गं."

"आज एक दिवस घ्या की."

"नको, खरंच नको. तू मनाला लावून घेऊ नकोस."

अंगणातून एक वयस्क बाई, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "मळ्यात तर रोज पेलाभर दूध घेत्यात म्हनं."

त्या वेळी मी तोंड उघडून बोट दाखवायचं. म्हणायचं, बायांनो, हे बघा, हा दात खोटा आहे, चहाने काळा होईल म्हणून मी घाबरते. सगळ्या हसल्या असत्या. पोट धरधरून हसल्या असत्या, आणि मीही त्यांच्यात हसले असते, जे मला इतकी वर्षं हवं होतं ते नेमकं तेव्हा झालं असतं. निदान पाणी तरी मागायचं. पण इतक्या बायकांसमोर माझा दात उघडा पाडणं माझ्या जिवावर आलं. मी काहीतरी पुटपुटले, वह्या तपासायच्या आहेत म्हणाले आणि उठले. अक्का कप हातात घेऊन उभी होती. ती मला ओढ्यापर्यंत सोडायला आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं कामं असतील. खरं काय झालं ते मला हेडमास्तरांनी कळवलं, तेही शाबासकी देत. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "बरं केलंत बाई. शिकवायला हरकत नाही, पण घरी जाऊन खाणंपिणं नको. थोडं अंतर ठेवलेलं बरं."

 मी त्यांना म्हटलं, मी कुठेच चहा घेत नाही, सोडलाय. ते समजुतीने हसले. मी रागाने लाल झाले, पण दाताचं काही बोलले नाही. त्यांना सांगणं तर शक्यच नव्हतं. आणि अक्काकडे जाऊन सांगायचं तर काय सांगायचं? की तुझ्या घरचा चहा मी दाताच्या रंगापायी नाकारला? ते मला जातीपेक्षाही हलकं वाटायला लागलं. उद्या जाऊ, परवा जाऊ करत मी गेलेच नाही. तिची मुलगी शाळेत यायची, माझ्याशी नेहमीसारखी बोलायची. तिच्याकडे निरोप द्यायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा जीभ अडली.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. मला आता हसता येत होतं आणि हसायला कुणी नव्हतं. गावातल्या बायका माझ्याशी आधीपेक्षा मोकळ्या झाल्या, हे अजून वाईट. मळेवालीणबाई मला स्वयंपाकघरात बोलवायला लागल्या, त्यांच्या हिशेबाने मी ताळ्यावर आले होते. मी तिथे बसायची, दूध प्यायची आणि मला त्या दुधाची शिसारी येत असे. पाच वाजता शाळेला कुलूप लावलं की खोलीच्या दाराशी पावलांचा आवाज होतो का याकडे माझा कान असायचा. रस्त्यात अक्का समोरून आली तर "बाई, बरं हाय ना?" म्हणायची. अगदी बाकीच्या बायकांसारखं.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. ओढा गणपतीच्या आतच कोरडा पडला. आणि मला आरशात दिसायला लागलं की दाताचा रंग बदलतोय. आधी तो खडूसारखा फटफटीत दिसायचा, मग कडेने पिवळी रेघ, मग सगळाच पिवळा, आणि दसऱ्यापर्यंत त्यावर तपकिरी बारीक चिरा. चहाचा एक थेंब तोंडात गेला नव्हता. मी मिठाने घासला, कोळशाच्या पुडीने घासला. तो आणखी खरखरीत झाला आणि आणखी डाग धरायला लागला.

दिवाळीच्या सुट्टीत नगरला गेले ती भांडणाच्या तयारीने. माडी चढून डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही सांगितलंत तसं आठ महिने मी चहाला शिवले नाही आणि हा बघा तुमचा दात. त्यांनी आरसा घालून पाहिलं. सुईच्या टोकाने हळूच खरवडलं.

"हा चहाचा डाग नाही," ते म्हणाले. "हा वाळलेला दात आहे. भरल्यावर लगेच वारा लागला असणार. व्हॅसलिन किती वेळ ठेवलंत?"

 मला एसटीची खिडकी आठवली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे सिमेंट ओलाव्यात आळलं तरच एकजीव होतं. कच्चं असताना सुकलं की खडूसारखं होतं, त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात. मग त्यात सगळंच मुरतं, आमटीतली हळद, लोणच्याचा खार, साधं मातकट पाणी. नीट आळलं असतं तर तीन-चार वर्षं काढली असती आणि चहाने हळूहळू थोडा रंग धरला असता, एवढंच. "आणि चहा आठ महिने कशाला सोडलात?" ते म्हणाले. "मी एक दिवस सांगितला होता. दुसऱ्या दिवसापासून दोन कप प्यायला काय हरकत होती?"

मी खुर्चीत बसून रडायला लागले. त्यांना वाटलं दातासाठी. ते घाईघाईने म्हणाले, अहो, पुन्हा भरून देतो, त्यात काय. मी नको म्हटलं आणि उतरले.

भाऊबीज झाली आणि मी सुट्टी संपायची वाट न पाहता गावी परतले. पिशवी खोलीत टाकली आणि कोरड्या ओढ्यातून सरळ अक्काच्या घरी गेले. ती अंगणात सामान बांधत होती. पत्र्याची एक पेटी, दोन बोचकी. मला बघून उभी राहिली. मी म्हटलं, "अक्का, मला चहा दे."

ती शांतपणे म्हणाली, "बसा. पर तुमाला दूध लागतं बाई. आमच्याकडं दूध न्हाई."

मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दात, सिमेंट, आरसा, आठ महिने. ओठ वर करून दात दाखवला. ती जवळ आली, माझी हनुवटी धरून तिने तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहिलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

"एवढंच हुतं व्हय?" ती म्हणाली. मग हनुवटी सोडून म्हणाली, "मी आडानी हाय हे मी तुमच्या म्होरं उघडं केलं. मला लाज वाटली न्हवती का? लई वाटली हुती. आन् तुमाला येवढुसा दात माज्यापासनं झाकावा वाटला."

मी खाली बसले. 

तिने चूल पेटवली आणि बिनदुधाचा गुळाचा चहा केला. मी तो प्यायले. फार गोड होता आणि मला अजून त्याची चव आठवते. पिता पिता मी विचारलं, सामान कसलं? नवऱ्याला पुण्यात खोली मिळाली होती. इथे पाऊस नाही, शेतात काम नाही, म्हणून परवा ती मुलीला घेऊन निघणार होती. मी म्हटलं, उद्या ये, जोडाक्षरं तेवढी एका बैठकीत घेऊ. ती म्हणाली, एका दिसात कसली येत्यात बाई. हे मात्र खरं होतं. त्याला दोन-तीन महिने लागले असते, आणि ते आमच्याकडे होते, मीच वाया घालवले.

तिसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्या. शाळेच्या कागदावरून मी नवऱ्याच्या कारखान्याचा पत्ता उतरवून घेतला आणि पुढच्या रविवारी पत्र लिहायला बसले. मोठं अक्षर, वाळूत बोटाने काढावं तसं सुटं सुटं. शब्द तिला येणारेच निवडले, म्हणजे तिला ते कुणाकडे न्यायला लागू नये. अशा सोप्या शब्दांत मनातलं लिहिणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. चार ओळींना दुपार गेली. शेवटी लिहिलं, माझी चूक झाली, मला माफ कर, मी वाट बघते.

उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी आणखी एक पत्र घातलं, त्यालाही नाही. तिला ते वाचता आलं नाही, की वाचता आलं आणि उत्तर लिहिण्याइतकं येत नव्हतं, की सगळं येत असूनही लिहावंसं वाटलं नाही, हे मला कधीच कळलं नाही. तीनही कारणांना जबाबदार मीच आहे.